पाच टक्क्यांचं काय करायचं

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. ग्रामपंचायतीसमोर सतरंजी, मागं फ्लेक्स, खुर्च्यांवर सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि दोन-तीन माजी मंडळी. पुढं ओळीनं उभी केलेली आमची माणसं. कोणी कुबडीवर रेललेलं, कोणी काळा चष्मा लावलेलं, एखाद्या आईच्या कडेवर दहा-बारा वर्षांचं पोर. प्रत्येकाच्या हातात पाकीट. खाली मजकूर, ‘दिव्यांग बांधवांना पाच टक्के निधीचे वाटप’, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. असे बरेच फोटो मी पाहिलेत. एकालाही अंगठा दिलेला नाही.

पाकिटात किती असतं, याचं गणित सोपं आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा आपल्या राज्यात नियम आहे. स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, असलं. समजा ते वर्षाला १२ लाख आहे. त्याचे ५ टक्के ६० हजार. गावात अपंगत्वाचा दाखला असलेले ४० जण. माणशी दीड हजार रुपये, तेही वर्षातून एकदा. लहान गावात घरपट्टीच पुरती वसूल होत नाही, तिथं तर हजाराचीही मारामार. दीड हजारात किराणा होतो, मेडिकलवाल्याची उधारी भागते. त्यात वाईट काही नाही. पण त्या पाकिटामुळं कुणाचं काही मार्गी लागलं, असंही मला दिसलेलं नाही.

पैसे नसले तर वस्तू. आमच्या माणदेशातल्या उतारावर, मुरमाच्या रस्त्यावर तीनचाकी सायकल हातानं चालवायची म्हणजे खांदे निखळायची वेळ. तरी ती वाटली जाते, कारण ती मोठी दिसते, निळीशार चमकते आणि तिच्याभोवती सहा-सात जणांना हात लावून उभं राहता येतं. पुढं वर्षभरात टायर बसतो, साखळी उतरते. एका घरी मी ती सायकल पडवीत उलटी घालून तिच्याखाली कोंबड्या डालताना पाहिली आहे. घरच्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मलाही नंतर वाटेनासं झालं.

सरपंचांच्या बाजूनंही बोलायला हवं. सगळ्यांना सारखं वाटलं की कुणाची तक्रार येत नाही. लेखापरीक्षणात हरकत निघत नाही. एकाला वीस हजार आणि दुसऱ्याला शून्य दिलं तर दुसऱ्या दिवशी शून्यवाल्याची भावकी दारात. निवडून यायचं असलेल्या माणसानं दीड-दीड हजार वाटले तर त्याला मी मूर्ख म्हणणार नाही.

मी स्वतः या रांगेतून लवकर सुटलो. डावा पाय पोलिओनं गेलेला, कॅलिपर म्हणजे पायाला आधाराची पट्टी घालून चालतो. नोकरी लागली ती ३ टक्क्यांच्या जागेवर. ते ३ टक्के आले १९९५च्या कायद्यातून, आणि तो कायदाही सहज मिळालेला नाही. त्या डिसेंबरात अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्यासारखी माणसं चाकाच्या खुर्च्या, कुबड्या घेऊन दिल्लीत संसदेबाहेर जमली, आणि अधिवेशन संपायच्या आत विधेयक मंजूर झालं. त्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार ७ होते. २०१६च्या कायद्यात ते २१ झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, अ‍ॅसिड हल्ल्यात भाजलेली माणसं, सगळे आत आले. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, पण तेव्हा ही नवी यादी नव्हती. आज नव्यानं मोजलं तर आकडा कुठं जाईल ते सांगता येत नाही. पोलिओ मात्र त्यात फारशी नवी भर घालणार नाही. पोलिओच्या मूळ विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला, हावड्याच्या बाजूची एक लहान मुलगी. कॅलिपर ठोकून घ्यायला दुकान शोधत फिरणारी आमची पिढी शेवटची, आणि ती जायला हरकत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येतो. गावातल्या काही पोरांनी या पाच टक्क्यांच्या मागं लागायचं ठरवलं. पोरं म्हणजे विशीतली. त्यांतली एक बी.ए. झालेली, डोळ्यांनी फार अंधुक दिसणारी. मोबाइल कानाला लावून वाचते. एक मुलगा जन्मतः ऐकू न येणारा. एकाचा हात कडबाकुट्टीत गेलेला. एकीला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळं हालचालींवर ताबा कमी, बोलणं समजून घ्यायला थोडा दम धरावा लागतो, पण हिशेबाला पक्की. ही पोरं आधी भेटत होती ती दाखल्यापायी. सिव्हिलला ठरलेल्या वारी जायचं, पहाटेची एसटी धरायची, तिथं नंबर लावायचा, डॉक्टर रजेवर असले तर परत यायचं. चार-सहा वेळा एकाच बाकड्यावर बसलं की ओळख होतेच.

त्यांनी पहिलं काम केलं ते माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून विचारलं, गेल्या तीन वर्षांत ५ टक्के कुठं गेले? उत्तर आलं त्यात पाकिटं होती, डबे होते आणि दोन ओळी अशा होत्या की वाचून मला हसू आवरेना. एक होती सिमेंटच्या बाकड्यांची. बसस्टॉपवर जी बाकडी आहेत, ज्यांवर सकाळी सगळं गाव तंबाखू मळत बसतं, ती दिव्यांगांच्या खात्यातली. दुसरी ओळ एलईडी दिव्यांची. ज्या मुलीला धड दिसत नाही तिच्या नावावर गावात उजेड.

मला वाटलं, आता ही पोरं तालुक्याला तक्रार करणार, पेपरात देणार. त्यांनी तसलं काही केलं नाही. एक मेच्या ग्रामसभेला सगळी मिळून गेली. शाळेच्या व्हरांड्यात सभा. गणपूर्ती होता होता साडेअकरा. पाण्याचा विषय, गटाराचा विषय, मग पुन्हा पाण्याचा विषय. शेवटी ती बी.ए. झालेली मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सरपंच, पैसा वाढवून मागत न्हाई आमी. हाय तेवढाच द्या. फक्त कुणाला कशासाठी द्यायचा त्याची यादी आमी करून आणतो. ग्रामसभेनं ती बघावी आन् ठराव करावा.”

मागून एक जण म्हणाला, “आन् भांडणं लागली तर?”

“आमची आमी मिटवू. तुमच्या दारात कुणी यायचं न्हाई.”

हे वाक्य ऐकून सरपंचांचा चेहरा उजळला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ग्रामसेवकांनी शंका काढली की असं चालतं का. चालतं. खर्चाचा अधिकार ग्रामपंचायतीचाच राहतो, पण ग्रामसभेत लाभार्थी आणि गरजा ठरवायला कुणाची मनाई नाही, आणि वैयक्तिक लाभ देता येतो तसा सगळ्यांना मिळून सामूहिकही देता येतो. ठराव झाला. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते प्रोसिडिंग बुकात लिहिलं गेलं.

यादी करायला पोरं मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसली, आणि खरा तमाशा तिथं सुरू झाला. त्यांनी एकच प्रश्न ठरवला होता: तुझं काय अडलंय? किती टक्के अपंगत्व, घरात किती एकर, असलं काही विचारायचं नाही. पण माणसं टक्क्यांवरच आली. “माझं ऐंशी टक्के हाय, तुझं पंचेचाळीस. आधी माझा नंबर.” दाखल्यावरचा आकडा माणसं पगारासारखा सांगतात. सरकारदरबारी ४०च्या खाली काही मिळत नाही, त्यामुळं वर्षानुवर्षं आपण किती निकामी आहोत हे पटवून देण्याचीच सवय लागलेली. काय करायचंय असं कुणी विचारलं की गडबडायला होतं. एका मुलाला तीनदा विचारलं, तुला काय पाहिजे. तिन्ही वेळा तो आईकडं बघत राहिला. आई म्हणाली, “लिवा कायबी. जे मिळंल ते.”

मग हळूहळू अर्ज येऊ लागले. वहीच्या पानावर, काही व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस मेसेजमध्ये. ते मी वाचले तेव्हा कळलं, या गरजा आजवर कुठल्याच फॉर्मच्या रकान्यात का बसल्या नव्हत्या. एका मुलीला विट्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचं होतं. फी भरायला घरचे तयार होते, बसचा पासही होता. पण स्टँडपासून क्लासपर्यंत रस्ता ओलांडायला कुणी सोबत नव्हतं. तिला पाहिजे होते सोबत येणाऱ्या मावशीच्या रोजाचे पैसे. एकाला मोबाइलचा रिचार्ज, कारण स्पर्धा परीक्षेचं सगळं ऐकून करायचं तर दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला मोबाइल दुरुस्तीची हीट गन आणि स्क्रू ड्रायव्हरचा सेट. एका बापानं आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलासाठी कमोडची खुर्ची मागितली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘आता माझ्याच्यानं उचलत नाही.’

रिचार्जचा फोटो कसा काढणार? मावशीच्या रोजाचा? कमोडच्या खुर्चीबरोबर तर कुणी उभं राहायलाही तयार होणार नाही. वरून देणाऱ्याला जे दाखवता येतं तेच दिलं जातं, आणि ज्याला पाहिजे असतं त्याचं नेमकं न दाखवता येणाऱ्यावर अडलेलं असतं. ही साधी गोष्ट मला इतक्या वर्षांच्या नोकरीत, इतके शासकीय फॉर्म भरूनही अशी समोर मांडलेली दिसली नव्हती. त्या ओट्यावर दिसली.

पाच टक्के पुरेनात, हेही तिथंच दिसलं. मग गावाबाहेरच्यांना विचारायचं ठरलं. आमच्या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात केरळपासून पंजाबपर्यंत पसरलीत. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, कुठल्याही गावात जा, घरटी एक तरी बाहेर. यात्रेला ही मंडळी गाड्या घेऊन येतात, कुस्त्यांचं बक्षीस लावतात, देवळाच्या कळसाला लाख-लाख देतात. त्यांच्याकडून वर्गणी काढायला आमच्या गावात वेगळं कौशल्य लागत नाही. पोरांनी यात्रेतच टेबल टाकलं.

पहिला गलाईवाला भला माणूस. पंचवीस हजारांचा आकडा तोंडानं बोलला. मग विचारलं, “नाव कुठं टाकणार?” पोरं एकमेकांकडं बघू लागली. मावशीच्या पाठीवर? त्यानं स्वतःच तोडगा काढला: दोन ट्रायसायकली घ्या, मागच्या पत्र्यावर आईचं नाव घाला. त्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलीनं, शब्द शब्द जोडत, सांगितलं की ट्रायसायकल नको. त्याला ते समजायला वेळ लागला. आधी बोलणं कळलं नाही म्हणून, मग कळलं ते पटेना म्हणून. फुकट मिळालेलं कुणी नको म्हणतं, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तिनं वही पुढं केली. कमोडच्या खुर्चीचा अर्ज त्यानं दोनदा वाचला. पैसे दिले, पाच हजार कमी करून. नाव घालायचं पुन्हा बोलला नाही. हे मी त्याच्याविरुद्ध सांगत नाहीये. कळसाला देताना त्याला कुणी काही वाचायला दिलं नव्हतं.

कुणाला वाटेल, हे देवळाच्या ओट्यावरचं खेड्यातलं प्रकरण, त्याचं काय एवढं. पण जगात जिथं जिथं अपंग तरुणांच्या हातात पैसा आणि निर्णय एकदमच आले, तिथली सुरुवात अशीच फुटकळ दिसते. १९६२ साली एड रॉबर्ट्स नावाचा तरुण अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात शिकायला आला. चौदाव्या वर्षी पोलिओ झालेला, मानेखाली शरीर जवळजवळ हलत नव्हतं, श्वासासाठी रात्री लोखंडी पेटीसारख्या यंत्रात झोपावं लागे. ते यंत्र वसतिगृहात मावेना म्हणून त्याला विद्यापीठाच्या इस्पितळात ठेवलं. त्याच्यामागून आणखी मुलं आली, त्यांची टोळी जमली, आणि १९७२मध्ये तिथं स्वतंत्र जगण्यासाठीचं पहिलं केंद्र उभं राहिलं. चालवणारे तेच. त्यांनी कामं काय घेतली? मदतनिसांची यादी ठेवायची. राहता येईल अशी घरं शोधायची. आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायच्या. खुर्ची मोडली की माणूस घरात अडकतो, हे खुर्चीत बसणाऱ्यालाच आधी सुचणार. पुढं अशा केंद्रांच्या कारभारी मंडळात निम्म्याहून जास्त माणसं स्वतः अपंग असली पाहिजेत, ही अट तिथल्या कायद्यातच आली. रॉबर्ट्सला १९८४मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तो पैसाही त्यानं जुडी ह्यूमन वगैरे सोबत्यांबरोबर काढलेल्या संस्थेत घातला.

२००८पासून डिसॅबिलिटी राइट्स फंड नावाचा एक निधी युगांडा, रवांडा, इंडोनेशिया अशा देशांत अपंगांच्या स्वतःच्या संघटनांना अनुदान देतो. अनुदान कुणाला द्यायचं हे ठरवताना दात्यांच्या शेजारी अपंग कार्यकर्ते बसलेले असतात. आणि इतकं लांब तरी कशाला. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ काढली, तेव्हा संस्थेच्या मुख्य खुर्चीवर बसलेली बाई चाकाच्या खुर्चीवरच होती.

पोरांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बर्कलेचं नाव एकानं गूगलही केलं, आणि मग विचारलं, “गुरुजी, त्यास्नी म्हातारी माणसं नव्हती का?”

प्रश्न बरोबर होता. विद्यापीठातल्या टोळीत सगळे तरुण. गावात तसं नसतं. २१ प्रकारांत कमी ऐकू येणंही आहे, त्यामुळं दाखला असलेल्यांत साठीच्या पुढचे पुष्कळ. पाकिटं बंद झाली तशी पहिली ओरड त्यांनीच केली. “पोरांनी पैसं आपल्याकडं वढलं,” असं पारावर बोललं जाऊ लागलं, आणि त्यात अगदीच खोटं नव्हतं. पहिल्या यादीत वरची सगळी नावं तरुणांची. हीट गन, क्लास, रिचार्ज. एका आजोबांनी देवळाच्या ओट्यासमोर काठी आपटून विचारलं, “माजं काय अडलंय ते कोन इचारनार?” त्यावर पोरांच्यात इतकं भांडण झालं की ती दोन आठवडे एकत्र बसली नाहीत. हात गेलेला मुलगा म्हणायचा, पैसा उभा राहणाऱ्याला द्यायचा. म्हाताऱ्यांना संजय गांधी, श्रावणबाळ आहेच. बी.ए. झालेली म्हणायची, मग आपल्यात आणि सरपंचात फरक काय, त्यांनी फोटोसाठी दिलं, आपण ओळखीच्याला देतोय.

मला त्या भांडणात बोलायचा मोह खूप झाला. बोललो नाही. मी नोकरदार माणूस, पगारी. माझा शब्द पडला असता तर सगळ्यांनी मान डोलावली असती आणि विषय मिटला असता. तो असा मिटायला नको होता. अर्जाला नकार द्यायचा, तोही शेजारच्या घरातल्या माणसाला, तोंडावर, कारण सांगून, हे या पोरांनी आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. आजवर नकार ऐकायचं काम त्यांच्याकडं होतं. नकार देऊन झाल्यावर त्याच माणसाच्या दुकानात साखर आणायला जायचं, हेही आता त्यांनाच निभवायचं होतं. हात गेलेला मुलगा तेव्हापासून बोलायला जरा सबुरीनं लागलाय. आधी फार टोकाचा होता.

कमोडची खुर्ची आली. विट्याच्या क्लासची मुलगी परीक्षा पास झाली, पण पुढं नोकरी नाही, घरीच आहे. सोबतची मावशी आता तिला सोडून शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला फिजिओथेरपीला नेते. रिचार्जवाला दोनदा पूर्वपरीक्षा नापास. हीट गनवाल्याचं मात्र बरं चाललंय. त्याच्या टपरीवर गिऱ्हाईक तक्रार मोबाइलवर टाइप करून दाखवतं, आणि काही जण ऐकू येणाऱ्यांच्या दुकानातही आता तसंच करतात म्हणे.

यंदाचं भांडण कानाच्या मशीनवरून आहे. म्हाताऱ्यांनी संघटितपणे अर्ज टाकलेत, एकसारख्या मजकुराचे, एकाच झेरॉक्सवरून. सगळ्यांना मशीन पाहिजे. सरपंचही खूश, मशीन वाटायला कार्यक्रम घेता येतो. यादी जवळजवळ झालीच होती, तेवढ्यात हीट गनवाल्यानं मोबाइलवर टाइप करून स्क्रीन सगळ्यांपुढं फिरवली. त्याच्या घरी तीन मशीन आहेत, वेगवेगळ्या शिबिरांत मिळालेली, तिन्ही कपाटात. कारण आत घालायचे गोल सेल आठ-दहा दिवसांत संपतात, तालुक्याला एकाच दुकानात मिळतात आणि सेलचं पाकीट आणायला जायचं एसटीचं भाडं सेलपेक्षा जास्त पडतं. ‘मशीन शिबिरात मिळते,’ त्यानं लिहिलं होतं, ‘वर्षाचे सेल द्या.’

आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं, दोन वेळा. मग ते म्हणाले, “खरं हाय. माजीबी पडलीया ट्रंकंत.”

सेलचा प्रस्ताव ग्रामपंचायतीत गेलाय. ग्रामसेवक म्हणाले, खर्ची घालायला हरकत नाही, पण तीन दुकानांची कोटेशनं लागतील. तालुक्यात दुकान एकच आहे.